पट्ट्यावरची तेवढी जागा सोडून

चामड्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर बसलं की क्रीम संपत जातं आणि किस्से साचत जातात. न्युरेम्बर्गला आमच्या भागात महिन्यातल्या एका शनिवारी रिपेअर कॅफे भरतो. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, जाणकार फुकट दुरुस्त करून देतात. जुने बूट आणि कॅमेऱ्यांची कव्हरं रिटायर्ड हेल्गाबाईंच्या टेबलावर येतात. मी त्यांची मदतनीस. सध्या रजेवर आहे, आठ महिन्यांची इरा कडेवर असते, आणि आम्हा दोघींत घाबरट कोण हे लगेच कळतं.

*

माझी निवड काही लायकीवर झालेली नाही. मी माझ्या बुटांना खोबरेल चोपडून ते केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवले होते. थंडीत बघते तर पांढरेफटक. बुरशी! मी मास्क लावला, बूट पिशवीत बांधले, इराचे सगळे कपडे धुतले आणि ती पिशवी हेल्गाबाईंपुढे ठेवली. त्यांनी एक बोट टेकवलं. बुरशी वितळली.

पुण्याहून सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "मुग्धा, तुमच्याकडे तेलाची बाटली उन्हात ठेवत नव्हते का गं?"

*

एक गृहस्थ डोंगरात घालायचे बूट घेऊन आले. दर रविवारी ग्रीस लावतो, म्हणाले. टेबलावर ठेवलेला बूट इतका मऊ पडला होता की हळूहळू आडवा झाला.

"आल्झो, तर मग याला आता सुट्टी द्या," हेल्गाबाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"तुमच्यापासून? कायमची."

*

क्रीम आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं, हा हेल्गाबाईंचा नियम. मला एका कोपऱ्यावर भरवसा वाटत नाही, म्हणून मी दुसरा बघते. मग तिसरा. असं करत एकदा कॅमेऱ्याचं अख्खं कव्हर झालं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेल्गाबाई म्हणाल्या. "आता कामाला सुरुवात करू या?"

*

यंदा सासरे, म्हणजे समीरचे बाबा, आले ते आपला जुना कॅमेरा घेऊन. इराचे फोटो त्यावरच काढायचे होते, पण गळ्यातला पट्टा वाळून तडकायला आला होता. हेल्गाबाईंनी तो उजेडात धरला. एका ठिकाणी दोन बारीक खळगे होते.

"ओलावा, ऊब, क्रीम. हेही जातील," त्या म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं.

बाबांनी पट्टा जवळ ओढला. "तेवढी जागा सोडून करा म्हणावं. समीरला दात येत होते तेव्हाचं आहे ते. त्याची आई त्याला घेऊन उभी होती, मी फोटो काढत होतो. पट्टा तुटला तरी चालेल, पण ते राहू दे."

हेल्गाबाईंनी त्या जागेवर फडकं गुंडाळलं आणि बाकीचा पट्टा केला. नंतर फडकं सोडून पट्टा वाळत ठेवला. मी हात पुसायला वळले, तेवढ्यात इराने तो तोंडात घातला.

"अहो बाबा, क्रीम!"

"तिथं लावलेलं नाही," बाबा म्हणाले. ते जागचे हलले नाहीत. जुन्या खळग्यांशेजारी इराच्या दोन दातांचे नवे खळगे उमटले.

संध्याकाळी समीर आम्हाला न्यायला आला. बाबांनी पट्टा त्याच्यापुढे धरला.

"यातले तुझे दात कुठले, सांग बघू."

समीरने वाकून, चष्मा वर करून नीट पाहिलं आणि ठामपणे इराच्या दातांवर बोट ठेवलं.