पूजेत मांडलेल्या बादल्या

बाळांनो,

तुमच्यातल्या थोरलीने मागच्या पत्रात तिच्या ऑफिसातली गंमत कळवली होती. संकट आलं तर कामकाज कसं चालू ठेवायचं, याची तिथे योजना असते आणि वर्षातून एकदा तिची परीक्षाही होते. परीक्षेची तारीख सगळ्यांना आठवडाभर आधी कळते. त्या दिवशी लोक कोट-पर्स घेऊन तयार बसतात, घंटा वाजली की खाली उतरतात, कोपऱ्यावर कॉफी पितात आणि वर येतात. मग योजना पास झाल्याचा कागद निघतो. हे वाचून मी बराच वेळ हसले. सातासमुद्रापलीकडे जाऊनही माणसं अकोल्याच्या जीनमधल्यासारखीच वागतात, एवढं मला कळलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. सरकी काढली की उरते ती रुई, आणि तिच्या दाबून गाठी बांधतात. एकोणीसशे साठच्या आगेमागे मी अशा एका जीनच्या कचेरीत कामाला लागले. माझं माहेर अमरावतीचं. वडिलांनी मला कॉलेजात घालून बी.ए. केलं, त्यातही इंग्रजी घेऊन. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा तुमच्या आजोबांची वकिली नवी होती आणि अशिलांपेक्षा त्यांच्याकडे सल्ला विचारणारे नातेवाईकच जास्त यायचे. मुंबईच्या गिरण्यांशी आणि विमा कंपनीशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायला जीनच्या शेठना माणूस हवा होता. माझे सासरे याज्ञिक होते, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. त्या जीनमधली खंडेनवमीची पूजा दरवर्षी तेच सांगायचे. तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला परवानगी दिली. 'आपलंच ठिकाण आहे, पण माझ्या नावाला बोल लागता कामा नये,' एवढीच त्यांची अट होती. अट मी ऐकून घेतली. मान्य केली असं मात्र म्हणाले नव्हते.

आदल्या हंगामात आमच्या शेजारची जीन जळाली होती. जीनला आग लागणं नवीन नाही. एखादा खडा रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, गेला, ठिणगी उडाली, की रुई पेटायला वेळ लागत नाही. मालकाचा विमा होता, पुढच्या पावसाळ्याआधी नवी टिनाची शेडही उभी राहिली. पण कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, परत आल्या नाहीत. जे शेतकरी वर्षानुवर्षं तिथे कापूस उतरवत होते, त्यांना त्या दिवशी फाटकावर सांगायला कोणी नव्हतं की, थांबा, इकडे या. ते दुसऱ्या दारी गेले आणि तिथलेच झाले. आमच्या शेठना त्या आगीची नाही, त्या रिकाम्या फाटकाची धास्ती बसली. ते मला म्हणाले, "बाई, उद्या आपल्यावर असं आलं तर धंदा बंद नाही पडला पाह्यजे. काही तरी लिहून काढा."

मी लिहून काढलं. आग लागली तर पहिली बादली कोणी उचलायची, इंजिन कोणी बंद करायचं, कामावरच्या बायामुलींना सरकीच्या कोठाराकडून बाहेर कोणी काढायचं. त्यानंतरचा भाग मोठा होता. फाटकावर कोण उभं राहील, बंड्या मोर्णा नदीच्या पलीकडच्या भाड्याच्या आवारात कोण वळवील, गिरण्यांना कबूल केलेल्या गाठी अमरावतीला शेठच्या साडूंच्या रुई दाबायच्या प्रेसमधून कशा रवाना होतील, तिजोरीची दुसरी किल्ली कोणाच्या घरी राहील. विमा कंपनीसाठी ते इंग्रजीत केलं आणि माणसांसाठी मराठीत. रात्रपाळीच्या फिटरला इंग्रजी कागद दाखवून आग विझत नाही.

आमचे दिवाणजी म्हणजे कचेरीतले मुख्य. वयाने मोठे, पगडी गेली तरी रुबाब पगडीचाच. माझी खुर्ची त्यांच्या भाच्यासाठी त्यांनी मनात राखून ठेवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागद वाचून ते म्हणाले, "म्याडम, कागद तर फस्कलास झाला. आता याले फ्रेम करून लावू."

मी म्हटलं, "फ्रेम नंतर करू. आधी करून पाहू."

"काय करून पाह्यचं? आग लावता का जीनले?"

"लहानशी. आवारात. पऱ्हाट्यांचा ढीग पेटवू, घंटा वाजवू, आणि कोण काय करतं ते बघू."

शेठना हे पटलं. पण दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा दिवाणजींनी खंडेनवमी सुचवली. हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो, रेचे बंद असतात, सगळे लोक पूजेला हजर असतात, पेढेही असतात. मला कामाचा, गडबडीचा दिवस हवा होता. शेठ म्हणाले, "हंगामात मी एक मिनिट जीन बंद करू देणार नाही. खंडेनवमीला जमलं तर तुमचा कागद लागू. नाही जमलं तर तुमी इंग्रजी पत्रंही घरूनच लिहून पाठवा." दिवाणजी खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान हसत होते.

खंडेनवमी तुम्ही पाहिलेली नाही. ज्याच्या जिवावर आपण पोट भरतो त्या हत्याराची त्या दिवशी पूजा करायची. एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शाळेतली मुलं पुस्तकं मांडतात आणि अभ्यासाला सुट्टी मिळाली म्हणून खूश होतात. जीनमध्ये नट आवळायचे पाने, हातोडे, वजनकाटा, इंजिनाचं मोठं चाक, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. माझ्या टाइपरायटरच्या गळ्यातही झेंडूची माळ होती.

त्या दिवशी मी जरा उशिरा पोचले आणि पाहिलं तर सगळी तयारी झालेली. परीक्षा आहे म्हणून फिटरने आगीच्या हातबंबाला दरवर्षीपेक्षा झळझळीत नवा लाल रंग दिला होता, पितळी तोंड चिंचेने घासून लखलखीत केलं होतं. बादल्याही रंगवल्या होत्या. आणि मग, इतकी सुंदर झालेली वस्तू पूजेबाहेर कशी ठेवायची, म्हणून दरवर्षीच्या बंबाबरोबर झाडून सगळ्या बादल्याही ओळीने पूजेत मांडल्या होत्या. प्रत्येक बादलीवर स्वस्तिक, कडीला आंब्याचा डहाळा. मामंजी मंत्र म्हणत होते. अक्षता पडल्या, नारळ फुटला, आरती झाली.

मग शेठनी मान हलवली. आवारात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, पेटल्या. चौकीदाराने घंटा वाजवली.

कोणी हललं नाही. फिटर बंबाकडे गेला आणि हात जोडून उभा राहिला. पहिली बादली ज्याच्या नावावर होती तो हमाल बादलीकडे बघत होता, मग मामंजींकडे, मग पुन्हा बादलीकडे. मी म्हटलं, "उचला ना." तो हळूच म्हणाला, "बाई, पूजेतली हाय. मले पाप कशाले लावता?" तेवढ्यात पऱ्हाट्या, पऱ्हाट्याच त्या, भडभडून जळाल्या आणि आपोआप विझल्या.

"इझली आग," दिवाणजी म्हणाले. "झाली परीक्षा. पेढे वाटा रे."

लोक हसले. शेठही हसले. पेढ्यांची परात पुढे आली. मला तेव्हा जे वाटलं त्याला राग हा शब्द पुरत नाही. मी चौकीदाराला सांगितलं, "दुसरा ढीग लाव."

"बाई, काहून इतकं मनावर घेऊन राहिल्या?" दिवाणजी म्हणाले. "सणाचा दिवस हाय."

"आगीला पंचांग दिलंय का तुम्ही?" मी विचारलं. चौकीदार शेठकडे बघत होता. शेठ काही बोलले नाहीत, म्हणून त्याने ढीग लावला. या वेळी त्याने खाली सरकीच्या पोत्याची फाटकी गोणपाटं टाकली, त्यामुळे धूर चांगला निघाला.

मी पदर खोचला आणि पहिली बादली उचलली.

"सूनबाई." मामंजींचा आवाज मोठा नव्हता, पण मंत्र म्हणून कमावलेला होता. सगळं आवार थांबलं. "खाली ठेव. उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावायचा नसतो."

"टाइपरायटरला मी हात लावणार नाही, मामंजी. तो दसऱ्यापर्यंत थांबेल. हे थांबणार नाही."

"मी सांगतोय तरी?"

"तुम्ही सांगताय तरी."

माझी बादली गोणपाटावर रिती झाली. दुसरी मीच उचलली. डहाळा गळून पायाशी पडला. तिसरी त्या हमालाने उचलली. पाप लागणारच होतं तर ते आधीच मला लागून गेलं होतं, असा त्याने हिशेब केला असावा. मग बाकीचे धावले. शेठ म्हणाले, "बंब चालवा." फिटरने हात जोडून दांडा धरला आणि दोघे तिघे मिळून वरखाली करू लागले. बंब फुसफुसला, घुसमटला, पाण्याचा थेंब नाही. नळीच्या तोंडातून नव्या रंगाचा वास तेवढा आला.

फिटरने तिथेच, पूजेच्या फुलांवर पूजेत न मांडलेले जुने पाने पसरून, बंब उघडला. आतलं चामड्याचं वायसर वाळून पापडासारखं झालं होतं. बाहेरून दरवर्षी रंग लागला होता, आत कोणी पाहिलं नव्हतं. कारण बंब चालवून बघायचा प्रसंगच आला नव्हता आणि ज्या दिवशी तो बाहेर निघायचा त्या दिवशी तो पूजेत असायचा.

पेढे परातीत तसेच राहिले. दिवाणजी म्हणाले, "शेठ, हे तर नापास झालं." शेठ बंबाच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "कोण नापास झालं ते मी पाहून राहिलो." माझ्या नोकरीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

घरी मामंजी जेवले. हात धुऊन म्हणाले, "उद्यापासून तिथे जायचं नाही." तुमचे आजोबा मध्ये पडायला निघाले होते, मी त्यांना डोळ्यांनीच बसवलं. वकिलाने आपल्या घरात फुकट भांडू नये.

दसऱ्याच्या सकाळी मामंजी उत्तरपूजेला निघाले, आणि मागे चार पावलांवर मी निघाले. त्यांनी वळून पाहिलं. मी थांबले नाही. ते परत चालू लागले. रस्ताभर असंच.

जीनमध्ये फिटरने तेलात भिजवलेलं नवं वायसर आणून ठेवलं होतं, पण बंबाला हात लावला नव्हता. मामंजींनी पाने-हातोड्यांची, चाकाची, काट्याची उत्तरपूजा केली. माझ्या टाइपरायटरचीही केली. बादल्यांपाशी, बंबापाशी आले आणि पुढे गेले.

"महाराज, ह्या राह्यल्या," दिवाणजी म्हणाले.

"काल पूजेतून उठल्या त्या. त्यांची उत्तरपूजा मी करणार नाही," मामंजी म्हणाले. "त्या आता पूजेतल्या नाहीत."

ते रागाने म्हणाले होते. मी ते तसंच उचललं. शेठना म्हटलं, "मग यापुढे बादल्या आणि बंब पूजेत मांडायचेच नाहीत. महाराजांनीच सांगितलंय." मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवतं. पण स्वतःचा शब्द ते मागे घेत नसत, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. फिटरने वायसर बसवलं, दांडा हलवला, आणि पाणी समोरच्या टिनावर असं आदळलं की कबुतरं उडाली. शेठ म्हणाले, "बाई, कागद लागू. आणि घंटा तुमी हंगामात वाजवा. पण मले आधी सांगा."

"आधी सांगितलं तर ती परीक्षा होत नाही," मी म्हटलं. त्या हंगामात मी ती न सांगता वाजवली, बंड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना. शेठ भडकले, पण बंड्या नदीपलीकडे वळल्या आणि संध्याकाळी परत आल्या. मोठी आग पुढे कधी लागली नाही. दिवाणजी निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले की बाईंचा कागद फुकट गेला. म्हणू देत. माझी खुर्ची त्यांच्या भाच्याला मिळाली नाही.

पण त्या दसऱ्याचं राहिलं. संध्याकाळी सगळ्या घराने मामंजींना सोनं दिलं, म्हणजे आपट्याची पानं, आणि पाया पडले. शेवटी मी गेले. पानं हातात घेऊन ते म्हणाले, "जायचं नाही असं मी म्हणालो होतो."

"हो. ऐकलं होतं मी."

"मग?"

"आज गेले. उद्याही जाणार आहे."

त्यांनी आपट्याची पानं टोपीत खोचली, बराच वेळ नीट बसवत राहिले. मग म्हणाले, "शेजाऱ्यांना सोनं द्यायचं राहिलंय. जाऊन ये." जीनचा विषय त्या घरात त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेले.

तेव्हा थोरले, पुढच्या वेळी तुमच्याकडे तारीख जाहीर झाली की एक काम कर. कॉफीला जाऊ नकोस. वरच थांब, आणि तुमच्या त्या योजनेतली एक तरी बादली स्वतः उचलून पाहा. कोणी रागावलं तर मला कळव, त्या साहेबांना मी इंग्रजीत पत्र लिहीन.