बीटा आणि गॅमाच्या मधली पट्टी

शिवदास पराडकर एका जागी बसलाय असं कुणी पाहिलं असेल तर त्याने पुढे यावं, असं बोरिवलीच्या त्याच्या इमारतीत सगळे म्हणत. लग्नात हा पंगतीत जेवायला नाही, वाढायला. सोसायटीच्या सभेत दाराशी उभा राहून पंख्याचं बटण कमी-जास्त करणार. बायको सुगंधा म्हणायची, "सासूबाईंनी यांच्या पायाला भिंगरी बांधूनच यांना जन्माला घातलंय." पण कारण ठाऊक असल्यामुळे ती कधी खरोखर चिडली नाही. शिवदासचा बाप परळला गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला. बसला तो बसलाच. नोकरी शोधली नाही, गावी गेला नाही, शेवटी त्या खुर्चीतूनच त्याला उचलावा लागला. बसला तो संपला, ही गाठ तेव्हापासून शिवदासच्या मनात पक्की होती.

आणि अशा माणसाच्या वाट्याला देवाने काम काय द्यावं, तर वाट पाहायचं. अंधेरीच्या एका लॅबमध्ये तो रक्तातली प्रथिनं वेगळी करायचा. जेलच्या पातळ थरावर नमुन्याचा थेंब ठेवायचा, वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या विद्युतभाराप्रमाणे पुढेमागे पळतात, आणि रंग दिला की पाच पट्ट्या उमटतात. नव्या मुलींना तो येरझारा घालतच शिकवायचा.

"सगळ्यात पुढे जाडजूड दिसतो तो अल्ब्युमिन. घरातला कर्ता माणूस. औषधं, कॅल्शियम, चरबी, सगळ्यांचं ओझं हाच वाहणार, वर नसांमधलं पाणीही हाच धरून ठेवणार. लिव्हर थकली किंवा किडनी गळायला लागली की हा कमी होतो आणि पाय सुजतात. त्याच्या मागे ग्लोब्युलिनची मंडळी. अल्फा-एक, अल्फा-दोन, मग बीटा, त्यात लोह नेणारा ट्रान्सफेरिन असतो. शेवटी गॅमा, म्हणजे अँटिबॉडी. त्या नाना तऱ्हेच्या, म्हणून ती पट्टी पसरट. तिथे एकच बारीक, गडद रेघ दिसली तर हात लावू नका, मॅडमना हाक मारा. एकाच वाणाच्या पेशी माजल्यात आणि एकच माल काढत सुटल्यात असा त्याचा अर्थ असू शकतो. मायलोमा. हाडांच्या मगजातला कॅन्सर. आणि एक लक्षात ठेवा, रक्त पुरतं गोठल्याशिवाय मशीनमध्ये फिरवायचं नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. रक्ताला घाई चालत नाही."

मुली तोंडावर हात ठेवून हसत. घाईचा पुतळाच घाई करू नका म्हणून सांगत होता.

सुगंधाची पाठ गेले काही महिने दुखत होती. मागच्या वर्षी पायात गुठळी झाली तेव्हापासून ती रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेत होती, त्यात आता हिमोग्लोबिन उतरलं, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर वाढला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नेमकी शिवदासचीच तपासणी लिहिली. सुगंधाला वाटलं, चला, घरचंच काम. शिवदासला मात्र ती तपासणी कशासाठी लिहितात हे पुरेपूर ठाऊक होतं, आणि रात्रभर तो पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिला.

सकाळी त्याने तिला लॅबमध्ये नेलं. रक्त स्वतःच काढलं. त्या दिवसाचा जेल लावायची वेळ झाली होती, बाकीचे नमुने तयार होते. आता थांबलं तर हिचा नमुना उद्यावर. अजून एक दिवस काढणं त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. नळी नीट न पाहताच त्याने मशीनमध्ये टाकली आणि सुगंधाला रिक्षात बसवून घरी धाडलं.

दुपारी पट्ट्या उमटल्या. पाचाच्या सहा होत्या. बीटा आणि गॅमाच्या मध्ये एक बारीक गडद रेघ उभी होती. शिवदासने नमुन्याचा क्रमांक पुन्हा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मृणालिनी मॅडम, म्हणजे लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट, त्या दिवशी घाटकोपरला दुसऱ्या लॅबमध्ये होत्या. फोन लावायला त्याने मोबाइल काढला आणि परत खिशात टाकला. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्याला भीती वाटली.

संध्याकाळी तो घरी आला, चपला काढल्या आणि खुर्चीत बसला.

सुगंधा कणीक मळत होती. तिने बाहेर डोकावून पाहिलं आणि तिचे हात थांबले. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने आल्याआल्या कधी नळ घट्ट केला, कधी घड्याळ सरळ केलं, पण बसला नव्हता. "दमलात?" तिने विचारलं. "हो, दमलोय," तो म्हणाला. बाहेरून तो दगडासारखा होता आणि आत जीव पिंजऱ्यातल्या उंदरासारखा धावत होता. ती आत गेली आणि मळलेलीच कणीक पुन्हा मळत बसली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जेल उजेडासमोर धरला. नाव वाचून त्यांनी शिवदासकडे पाहिलं.

"नळी ठेवलीय?"

त्याने फ्रिजमधून काढून दिली. त्यांनी ती हळूच तिरकी केली. वरच्या पिवळ्या सीरममध्ये रात्रीतून मऊसर, जेलीसारखी जाळी धरली होती.

"शिवदास, हे रक्त गोठू दिलं होतं तुम्ही?"

"जेल लावायची वेळ झाली होती," तो म्हणाला.

"गोठवणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, ते गुठळीत अडकून खाली जायला हवं होतं. ते वरच राहिलं. जेलवर ते नेमकं बीटा-गॅमाच्या मध्येच रेघ काढतं. वहिनींच्या गोळ्या चालू आहेत ना? त्यांचं रक्त अर्ध्या तासातसुद्धा नीट गोठणार नाही." त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. "पण ही रेघ त्याचीच आहे असं मी आत्ता म्हणणार नाही. दुसरीही असू शकते. त्यांना बोलवा. आणि रक्त घेतलं की तुम्ही बाहेर जाऊन बसायचं. नळीला हात मी लावीन."

सुगंधा आली. "माझ्या हातून चूक झाली, परत द्यावं लागेल," एवढंच त्याने सांगितलं. रक्त देऊन ती बाहेरच्या खुर्चीत बसली आणि शिवदास तिच्या शेजारी. पुन्हा तसाच, गुडघ्यांवर हात ठेवून.

सुगंधा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कोकमाची सोलं निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत. तिरफळं त्याच्या मागे. तुम्हाला काही म्हणजे काही सापडत नाही."

"हे आत्ता कशाला?"

"मालवणी मसाला संपत आलाय. मे महिन्यात गावी गेलात तर तिथल्या वहिनीकडून करून आणा. इथला विकतचा घेऊ नका, तुम्हाला खोकला होतो."

शिवदासला कळलं की हिला सगळं कळलंय. रेघेचं नाव तेवढं तिला माहीत नव्हतं. तो उठायला गेला, तर तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"गप बसा हय," ती गावच्या मालवणीत म्हणाली. मग तो बसून राहिला.

नळी मॅडमनी भरपूर वेळ ठेवली, मगच फिरवली. जेल लागला, रंग दिला गेला, दुपार उलटली. शेवटी आतून हाक आली. शिवदासने उजेडासमोर पाहिलं. पाच पट्ट्या. बीटा आणि गॅमाच्या मध्ये स्वच्छ, कोरी जागा. गॅमा जराशी फुगलेली होती, पण पसरट.

"कुठेतरी जुनी सूज असेल, ती शोधू," मॅडम म्हणाल्या. "लोह कमी दिसतंय, त्याचीही तपासणी करून घ्या. पण तुम्हाला ज्याची भीती होती ते यात दिसत नाही. जा, सांगा त्यांना."

तो बाहेर आला. सांगायला तोंड उघडलं, पण डोळे भरून आले तसा तो वळला आणि वेड्यावाकड्या पडलेल्या खुर्च्या एका रांगेत लावायला लागला. एक लावली, दुसरी लावली, तिसरीचा पाय डुगडुगत होता म्हणून वाकून तिच्याखाली कागदाची घडी सारली. मग जाऊन पंख्याचं बटण एकाने कमी केलं.

सुगंधा त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिने पर्स उचलून काखेत मारली आणि पदराने तोंड पुसलं.

"काल तुम्ही खुर्चीत बसलात ना," ती म्हणाली, "तेव्हाच मी जिवाची आशा सोडली होती. परत माझ्यासमोर तसे बसू नका."

"नाही बसणार," शिवदास म्हणाला, आणि चौथी खुर्ची सरळ करायला गेला.