देवगांडुळाची फांदी

अमीन जमादारनं कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एकतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात त्याला कुणी बसवून असं काही शिकवलं नाही. जे शिकला ते बघून. बेडूक ताणून कसा बांधायचा, सापाच्या पोटात फॉर्मालिनची सुई कुठे टोचायची, बरणीचं झाकण मेणानं कसं बंद करायचं. शिक्षण दहावी नापास, हुद्दा प्रयोगशाळा परिचर. एम.एस्सी.ची पोरं मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्याच मागे, "अमीनमामा, हे कुठलं हाड हो?"

जमादारांचं मूळ गाव गगनबावड्याच्या वाटेवर. तिथे पिराचा झरा आहे आणि भोवती चार-पाच एकर झाडी. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही ही जुनी रीत. दिवाबत्ती धाकटा भाऊ नईम करतो. दोन वर्षांपासून एक रिसॉर्टवाला त्या झाडीभोवती घिरट्या घालत होता. जमीन सरकारी, माणूस वजनदार. आज ना उद्या तो झरा घशात घालणार, हे गावानं धरूनच ठेवलं होतं.

मग विभागात डॉ. अंतरा मॅडम आल्या, आणि पहिल्यांदाच काही होईल असं अमीनला वाटलं. तालुक्यातली एकच जागा जैवविविधतेसाठी राखीव व्हायची होती. सरकारी समितीच्या यादीत दोन उरल्या होत्या, वरचं पठार आणि पिराचा झरा. पठारावर बेडकांच्या चौदा जाती, झऱ्यावर पाच.

"मग संपलंच की मॅडम," अमीन म्हणाला. "चौदापुढं पाचाचं काय चालतंय!"

"डोकी मोजू नका, अमीनभाई." मॅडमनी फळ्यावर फांद्याफांद्यांचं झाड काढलं. "हे चौदा जण म्हणजे सगळे चुलत-मावस. एखादा गेला तरी खानदान राहतं. पण या फांदीवर बघा, एकटाच. याचे आणि बेडकांचे पूर्वज पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. हा गेला की एवढी लांबलचक फांदी गेली. फांद्यांची लांबी मोजायची, मग कळतं कुठे किती आहे."

"ह्यो कोण?"

"देवगांडूळ. बिनपायाचा, पण बेडकांच्याच गोतातला. तुमच्या झऱ्यावर असला तर पठार मागे पडेल."

"असला तर काय? हायच की! पावसात निघतंय. सापाचं पिल्लू म्हणून पोरं ठेचत्यात."

मॅडमनी वनखात्याची परवानगी काढली, विद्यार्थ्यांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. नमुना कसा घ्यायचा, कशात ठेवायचा, सगळं पडद्यावर, इंग्रजीत. अमीन त्या दोन्ही दिवशी चहा फिरवत होता. खुर्ची होती रिकामी, पण शिपायाला बस म्हणायची पद्धत आपल्याकडे नाही.

जुलैत मॅडम बंगळुरूला गेल्या असताना, एका रविवारी, झऱ्याकाठच्या कुजलेल्या पाल्याखाली अमीनला देवगांडूळ सापडलं. वीतभर लांब, जांभळट, अंगावर कड्याकड्या. चिखलात गुडघ्यावर बसून त्यानं ते ओंजळीत घेतलं आणि नईमला हाक मारली, "घावलं रं!"

सोमवारी सकाळी सातला त्यानं विभाग उघडला. शुद्ध अल्कोहोल विभागप्रमुख उदयसिंह सरांच्या कपाटात कुलूपबंद असायचं. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "स्पिरिटाची किल्ली शिपायाकडं? बरणी भरंल का शिपाई भरंल?" अमीननं जन्मात थेंब घेतलेला नव्हता, तरी या विनोदाला एकतीस वर्षं हसत आला होता. त्या दिवशी मात्र त्याला किल्लीची गरजच वाटली नाही. उत्तम नमुना फॉर्मालिनमध्येच घालायचा, शंभर वर्षं हलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुई टोचली, नमुना बरणीत नीट वळवून ठेवला, मेण लावलं. असं सुरेख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "अमीनभाई, जिंकलो आपण!" फोटोत फॉर्मालिन काय आणि अल्कोहोल काय, दोन्ही पाण्यासारखीच दिसतात.

दहा दिवसांनी मॅडमनी झाकण उघडलं, आणि वास येताच त्यांचा हात थांबला.

"हे कशात ठेवलंय?"

"फॉर्मालिनमधी. चांगलं टिकतंय."

"डीएनए मरतो हो त्यात! फांदी त्यावरूनच मोजतात. आधी तुकडा काढून ठेवायचा होता, अल्कोहोलमध्ये."

"मला कुठं कोण बोललं, मॅडम?"

मॅडमनी झाकण परत लावलं. चूक कुणाची ते त्यांना कळलं होतं. कळून उपयोग शून्य.

त्यांनी तीन प्रयोगशाळांना तुकडे पाठवले. काही निघालं नाही. पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी पोरं घेऊन पाला उचकला. देवगांडूळ काही मेथीची जुडी नव्हे, बाजारात गेलं की मिळायला. डिसेंबरात समिती बसली. मॅडमनी ती फांदी तुटक रेषेनं दाखवली, फोटो दाखवले, बरणी टेबलावर ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "नमुना देखणा आहे. पण डीएनएचा पुरावा नसलेली जात झाडावर धरायची नाही, असा नियम आहे." फांदी कापली, गणित पुन्हा केलं, पठार जिंकलं. उदयसिंह सरांनी बाहेर येऊन अमीनच्या खांद्यावर हात ठेवला, "जाऊ दे रे, म्युझियमला एक बरणी झाली."

मार्चमध्ये नईमचा फोन आला. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"दादा, पोकलेन आलंय. झऱ्याच्या तोंडालाच लावलंय. तू म्हणालतास न्हवं, मॅडम थांबिवत्यात म्हणून?"

"न्हाय जमलं."

"का? ते जनावर तर आपल्यात घावलतं की!"

अमीननं सांगायला सुरुवात केली. डीएनए, फॉर्मालिन, फांदी. दोन वाक्यांतच त्याच्या लक्षात आलं, की शेवटी एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला तोंड नाही.

"माझ्या हातनं नासलं, नईम."

पलीकडे यंत्र चालूच होतं. मग कुणीतरी नईमला बाजूला हो म्हणून ओरडलं आणि फोन बंद झाला.