कोंडाण्याची लेणी आणि नऊ मीटरचा रस्ता

मनीषा माझी डिप्लोमाची मैत्रीण. मी बांधकाम सोडून भटकंतीबद्दल लिहायला लागले, ती मात्र इंजिनिअरच राहिली, तीही स्वतःच्याच तालुक्यात. "कोंडाण्याची लेणी बघायला ये," असं दर हिवाळ्यात म्हणायची. या जानेवारीत शुक्रवारची रजा टाकली आणि पुण्याहून निघाले.

जुन्या रस्त्याने बोरघाट उतरले. घाई नसेल तर तुम्हीही हाच घ्या. खोपोलीत साजगावकडे वळणारे ट्रेलर आडवे येतात, तिथे ओव्हरटेकची हौस करू नये. पळसदरीनंतर रस्ता मोकळा मिळतो आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं सुरू होतात.

मनीषा तिथल्या एका छोट्या नगरपंचायतीत मानधनावर इंजिनिअर होती. गावाचं नाव तिच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मी पोचले तेव्हा सभा सुरू व्हायची होती. "तासाभरात सुटेल, मागे बस," ती म्हणाली. तशी परवानगी काढून मी मागच्या खुर्चीवर बसले. लेणी बघायला गेले आणि आधी नगरपंचायतीची सभा बघितली, ती अशी.

पहिला विषय बाजारातल्या रस्त्याचा. काँक्रीटचा रस्ता सगळ्यांनाच हवा होता, पण आराखड्याप्रमाणे तो नऊ मीटर रुंद करायचा तर दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, ओटे आणि पत्र्याच्या शेड काढाव्या लागणार होत्या. सगळ्या विनापरवाना. मनीषाने मोजणी करून दिली होती आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने नोटिसा निघाल्या होत्या.

"रस्ता करा, पण पायऱ्यांना हात लावू नका," एक नगरसेवक म्हणाले.

"मग गटार कुठून न्यायचं?" मनीषाने विचारलं. "गटार नसेल तर पाणी खालच्या आळीत घुसणार. दर पावसाळ्यात घुसतंच आहे."

दुसरे एक उठले. "मॅडमचे दाजी बाजारात वडापाव विकतात. त्यांच्या दुकानाम्होरची शेड राहनार आन आमच्या पायऱ्या जानार, आसं हाय का?"

"त्यांनाही नोटीस आहे," मनीषा म्हणाली. "आजच दारावर लागेल."

ते नगरसेवक खाली बसले. 

पुढचा विषय नोकरभरतीचा: इंजिनिअरच्या कराराला मुदतवाढ. म्हणजे मनीषाच्याच. ती बाहेर जाऊन उभी राहिली. दाजींचा विषय काढणारे तेच नगरसेवक म्हणाले, "आदी नोटिसांचं काय ते ठरवा, मग मुदतवाढ." नगराध्यक्षाबाईंनी घड्याळ बघितलं आणि दोन्ही विषय पुढच्या सभेवर ढकलले. चहा आला. चहा चांगला होता.

शनिवारी पहाटे आम्ही कोंडाण्याला गेलो. गावात गाडी लावून पुढे रानातून चढ आहे, रमतगमत दीड तास धरा. वर दुकान नाही, पाणी सोबत घ्या, आणि खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं आहेत. लेण्याचा पुढचा भाग ढासळलेला आहे, तरी वरच्या भिंतीवरचे सज्जे आणि जाळ्या बघत राहाव्यात अशा. लाकूडकाम वाटावं, पण सगळा दगड.

मनीषा बराच वेळ दगडाच्या पन्हाळीसारख्या खाचेकडे बघत होती. "दाजींनीच शब्द टाकला होता माझ्यासाठी, नोकरीला," ती एकदम म्हणाली. "काल फोन करणार होते त्यांना. नोटीस लागायच्या आत. हात उचलेना."

"आता?"

"आता त्यांना कळलंच असेल."

दुपारी जेवायला कडावला, तिच्या माहेरी. आईने वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. या दिवसांत या भागात कुणी बिरडं वाढलं तर नाही म्हणू नका. आम्ही बसणार एवढ्यात दाजी आले. गोरे, जाडसर, शर्टाच्या खिशात चष्मा. ओटीवरच उभे राहिले.

"या, जेवून घ्या," आई म्हणाली.

"जेवाया नाय आलो." ते मनीषाकडे वळले. "मी चार लोकांच्या पाया पडून तुला तिथं लावली. आन तू माजाच पत्रा काडतीस? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नायस."

"दाजी, तुमची सोडली असती तर एकाचीही काढता आली नसती."

"मग नको काडू कोनाचीच! कोन मेलं हाय का पायऱ्यांनी?"

"खालच्या आळीत दर पावसाळ्यात लोक खाटेवर चूल मांडतात. तुमी बगितलंय."

बोलता बोलता तिची भाषाही घरची झाली.  मग दाजी म्हणाले, "ते मला नगं सांगू. मला फोन करायचा व्हता तू. परक्याच्या तोंडून कळलं मला."

"चुकलं ते," मनीषा म्हणाली.

ते तसेच निघून गेले. आई वाढलेल्या ताटाकडे बघत "खा गं तुमी" म्हणाली. आम्ही खाल्लं. बिरडं खरोखर उत्तम होतं, पण चवीबद्दल मी कुणाशी बोलले नाही.

रविवारी दुपारपर्यंत पुण्यात घरी पोचले. सज्ज्यांचे फोटो टाकले, पुष्कळांना आवडले, पत्ता विचारणारेही बरेच आले.

मार्चमध्ये मनीषाचा फोन आला. पुढच्या सभेत रस्ता मंजूर झाला, पूर्ण रुंदीचा. खालच्या आळीतल्या बायका सभेच्या दारात जाऊन बसल्या होत्या. मुदतवाढ मात्र मिळाली नाही. तिच्या जागी दुसरा मुलगा घेतला. दाजींनी जेसीबी यायच्या आदल्या दिवशी शेड स्वतःच उतरवली, कारण जेसीबीने वाकवलेला पत्रा पुन्हा कामाला येत नाही. मनीषाशी ते अजून बोलत नाहीत. ताईच्या हाती निरोप मात्र पाठवला: दुकानावर मजला चढवायचाय, नकाशा हिनेच काढावा, मंजूर होईल असा.

"काढणार?"

"काढतेय."

मी पुण्यात बसून या सहलीचा हिशोब लावला तेव्हा लेणी दुसऱ्या नंबरवर आली. बाजारातल्या त्या रस्त्याने मी पुन्हा कधी जाईन की नाही, माहीत नाही. पण आता कुठल्याही गावात दुकानाच्या पायरीवर चढताना खाली गटार आहे का, हे मी बघते.

"त्या नव्या मुलाचा फोन आला होता," मार्चमधल्या त्याच फोनवर शेवटी मनीषा म्हणाली. "गटाराचा उतार कुठून धरायचा, विचारत होता."

"सांगितलंस?"

"सांगितलं की. पाणी काय माझ्या कराराची वाट बघत थांबणारे?"

तिकडे जाणार असाल तर सध्या बाजारात काम चालू आहे. मागच्या गल्लीतून वळसा घ्या.