चाळीस नंबर

शिवणाच्या त्या हॉलमध्ये तिला सगळ्या मोटारमावशी म्हणायच्या. मशीनवर बसली की मोटार कुठली आणि मावशी कुठली हे कळत नाही, असं कधीतरी कोणीतरी म्हणालं आणि तेच चिकटलं. ती ब्राला खांद्याचे पट्टे जोडायची. एवढंच काम, दिवसभर.

शनिवारी संध्याकाळी मास्तर नापास मालाची टोपली टेबलावर उपडी करायचा. टाका चुकलेले, डाग पडलेले पीस. ज्येष्ठ बायकांनी आधी उचलायचे, पोरींनी नंतर. तिथे उघड्यावर घालून बघणार कोण? नंबर बघायचा, पिशवीत टाकायचं. मोटारमावशीने आधी चौतीस उचलले, पहिल्या बाळंतपणानंतर छत्तीस, मग अडतीस, मग चाळीस. अंग वाढलं की नंबर वाढवायचा, हे हॉलमधल्या प्रत्येकीला पाठ होतं. आयुष्यात तिने दुकानातून ब्रा घेतली नव्हती. घेणं म्हणजे सुगरणीने बाहेर जेवायला जाण्यातलाच प्रकार!

पाठ कधीपासून दुखते, ते तिला आठवत नव्हतं. चाळीसचा पट्टा पाठीवर सरकत सरकत वर चढायचा. मग ती खांद्याचे पट्टे आवळायची. खांद्यांवर दोन खाचा पडल्या होत्या, बोट ठेवलं तर बसेल एवढ्या. नवरा रात्री बाम चोळून द्यायचा. "आपल्या घराला दवाखान्याचा वास येतो. पाटी लावू का बाहेर?" तो म्हणायचा. ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही.

मग उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. कापड हाताखाली आहे की नाही, ते बघितल्याशिवाय कळेना. पट्टे तिरके लागू लागले.

मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसला. "मावशी, एक तारखेपासून धागे कापायला बसा. तिथे आराम आहे."

धागे कापायचं टेबल दारापाशी होतं. तिथे नव्या पोरी बसायच्या, नाहीतर नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या.

"बरं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मोठ्या कपची नवी ऑर्डर आली. तोवर त्या हॉलमध्ये एकाच मापाचा कप शिवला जायचा, बदलायचा फक्त नंबर, म्हणजे छातीखालच्या पट्ट्याचं माप. नमुना घालून बघायला कोणी अंगाने भरलेली बाई हवी होती. कटिंगवाल्या अक्काने मोटारमावशीला कापडाच्या खोलीत नेलं, कडी लावली आणि छातीखाली टेप गुंडाळली.

"छत्तीस."

"काहीतरीच. मी चाळीस घालते."

"घालतेस गं. पण बरगड्या छत्तीसच्याच आहेत. वाढलाय तो कप. बूट रुंदीला आवळतो म्हणून लांबीला मोठा घेतलास, तसं झालं." अक्काने तिच्या पाठीवरचा पट्टा चिमटीत धरून ओढला. हात आरामात आत गेला. "हा बघ, नुसता झेंड्यासारखा फडफडतोय. भार ह्याने उचलायचा असतो. तुझा सगळा खांद्यावर. बोटं बधिर नाही होणार तर काय?"

नमुना चढवला. छातीखाली घट्ट बसला. अक्काने खांद्याचे पट्टे सैल केले, तरी काही खाली आलं नाही.

"कसं वाटतंय?"

मोटारमावशीने खांदे वर-खाली करून बघितले. "काहीच वाटत नाही," ती म्हणाली.

"मग बरोबर बसलाय."

अक्काने तिच्यासाठी त्याच मापाचे दोन कापून दिले. मावशीने ते जेवणाच्या सुट्टीत स्वतः शिवले. एकाचा पट्टा तिरका गेला. उसवून पुन्हा लावला. काही दिवसांनी नवऱ्याने बामची डबी पुढे केली, तर ती म्हणाली, "नको आज." त्याने डबी हातात फिरवली. "दवाखाना बंद?" "हं."

पाठीचं दुखणं गेलं, पण बोटं तशीच बधिर राहिली. अक्काने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, भार गेला हे चांगलं झालं. दबलेली नस मात्र सावकाश सुटते, कित्येक महिने लागतील, पूर्ण सुटेलच असंही नाही.

एक तारीख आली. मोटारमावशी मास्तरसमोर उभी राहिली. याआधी तिने कधी काही मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"मास्तर, बोटं परत येतील म्हणतात. माझी जागा ठेवा."

"जागा काय, बसमध्ये रुमाल टाकून धरायची असते का? ऑर्डर डोक्यावर आहे, मावशी. बोटं आली की सांगा, बघू."

"बरं."

ती दारापाशी जाऊन बसली. शेजारच्या पोरीने सरकून जागा दिली आणि कात्री पुढे केली. मावशीने ती डाव्या हातात घेतली. समोर तिच्या मशीनवर दुसरी कोणी पट्टे जोडत होती, सावकाश, थांबत थांबत.

अक्का जाता जाता वाकली. "पाठ काय म्हणते?"

"नाही दुखत."

तिने धागा ओढला, कापला आणि पुढचा पीस घेतला.