विरावेची मागची सीट

बुरांगल गावात कोणाच्याही घरी जा, चहाचा दुसरा कप भरेपर्यंत घरमालक सांगणारच, की अ‍ॅथल किनानच्या विमानात आमचंही काहीतरी आहे. आणि ती थाप नसते. महायुद्ध संपलं तेव्हा सरकारने विमानं मेंढरांच्या भावात विकायला काढली होती. अ‍ॅथलच्या बापाने एक विरावे घेतलं, पुढे-मागे दोन सीटांचं सरावाचं विमान. उडवायला नव्हे, नटबोल्ट, तारा, रबर आणि टाकीत उरलेलं पेट्रोल यांच्यासाठी. पेट्रोल पहिल्या हंगामातच ट्रॅक्टर प्यायला. बाकीचा सांगाडा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ज्याला जे हवं ते मागून नेऊन संपवला. मागचं चाक ग्लीसनांच्या ढकलगाडीला बसलं. पायलटची खुर्ची ट्रॅक्टरवर गेली. डोक्यावरच्या काचेच्या झाकणाखाली ओडगर्सच्या म्हातारीने जन्मभर टोमॅटोची रोपं वाढवली. इंजिनाभोवतीच्या गोल पत्र्यात कोंबड्या अंडी घालत, आणि पुढचा पंखा पबमध्ये बारच्या वर टांगलेला होता.

शेतात उरलं होतं ते नुसतं धड, गवतात पडलेलं. अ‍ॅथल लहानपणी त्यात जाऊन बसायचा आणि बापाला विचारायचा, "हे वर कसं जात असेल?"

"ते वर जात नाही. ते भंगार आहे," बाप म्हणायचा.

उत्तर बरोबर होतं, पण प्रश्नाचं नव्हतं. ते कुतूहल अ‍ॅथलच्या डोक्यातून गेलं नाही. बाप वारल्यावर शेत हातात आलं, गहू आणि मेंढ्या मार्गी लागल्या, आणि तो विमानाचे भाग परत मागत घरोघर फिरायला लागला. फुकट कोणी काही दिलं नाही. ग्लीसन म्हणाले, "चाक ने, पण आधी ढकलगाडीला दुसरं आणून दे." ओडगर्सच्या म्हातारीला रोपांसाठी काचेचं घर बांधून द्यावं लागलं. पबवाल्याने पंख्याच्या जागी काय टांगायचं यावर दोन वर्षं घोळ घातला, शेवटी अ‍ॅथलने स्वतः गळाने धरलेला, पेंढा भरलेला मासा दिला तेव्हा पंखा उतरला. उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणतात. या भंगाराचे फिटायला तीस लागली. पण फिटले, आणि बारा वर्षांपूर्वी एका वसंतात विरावे मेंढ्यांच्या लोकर-कातरणीच्या शेडमागच्या गवती पट्टीवरून खरंच वर गेलं.

ते चालवते टॅमझिन रज. एरवी ती पिकांवर फवारणीचं विमान चालवते. गव्हाच्या ओंब्यांना चाकं लागतील इतक्या खालून. अ‍ॅथलला उडवता येत नाही. तो मागच्या सीटवर बसतो, आणि त्यामागे एक रिवाज आहे. ज्याने विमानाला पाना लावला, त्याने दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात मागे बसायचं. हवाई दलाच्या जुन्या कारागिरांकडून आलेली ही रीत. कागदावर कुठे नाही, पण बुरांगलमध्ये ती कायद्यापेक्षा कडक पाळली जाते. आपलं स्वतःचं बूड त्यात ठेवायचं आहे म्हटलं की माणूस नट नीट आवळतो, इतकं साधं शास्त्र त्यामागे आहे.

आता नोलीनबद्दल. नोलीन म्हणजे अ‍ॅथलची बायको, उंचीने त्याच्या बगलेइतकी, तोंडाने त्याच्या दुप्पट. विमान उडवू नये हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं मत. "माणसं मेली की आपण पुरतो," ती म्हणायची, "आणि विमानं मेली की तुम्ही उकरून काढता. हौसेला मोल नसतं म्हणे! नसेलही. पण हौस तुझी आणि घोर मला."

पण गंमत बघा. पत्र्याला रिबीट मारायचा तर दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिबीट ठोकायची बंदूक लावायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. विरावेचं शेपूट आतून इतकं अरुंद, की अ‍ॅथलचं रुंद अंग तिथे शिरत नाही. शिरते ती नोलीन. चाळीस वर्षं ती त्या अंधाऱ्या नळीत पालथी पडून, कानात बोळे कोंबून ठोकळा धरत आली. एकदा ग्लीसनांनी विचारलं, "तुला पटत नाही तर कशाला धरतेस गं?"

"मी नाही धरलं तर हा कसंतरी करील, आणि पडेल," ती म्हणाली. "पडू नये म्हणून धरते. उडावं म्हणून नाही."

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यात एका प्रदर्शनात जुनं लढाऊ विमान लोकांच्या डोळ्यांदेखत पडलं. मालक अ‍ॅथलच्या ओळखीचा. विमान गेलं आणि चालवणारा तरणा माणूसही गेला. त्यानंतर मोठ्या शहरातल्या संग्रहालयातून एलेनी पाव्लिडिस नावाच्या बाई आल्या. चांगली बाई. आल्या त्याच सरळ विमानाखाली उताण्या झोपल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत.

"किनान, अशी शाबूत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिलीत," त्या हात पुसत म्हणाल्या. "तुम्ही उडवता, म्हणजे दरवर्षी काहीतरी झिजतं, ते काढून तुम्ही नवं घालता. आणखी काही वर्षांनी यात जुनं काय उरेल? आणि पडलं तर काहीच नाही उरणार. आमच्याकडे छप्पर आहे, कोरडी हवा आहे. शंभर वर्षांनीही पोरं येऊन बघतील."

"पोरं बघतील काय? उभं असलेलं?" अ‍ॅथल म्हणाला. "माझा ट्रॅक्टर वर्षभर चालवला नाही तर तो ट्रॅक्टर राहत नाही. आणि हे वर कसं जातं, हे उभं बघून कधी कळलंय कोणाला? मी बघितलंय ना उभं. लहानपणभर."

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. शेवटी ठरलं, की अ‍ॅथलने गावच्या जत्रेपर्यंत विचार करायचा. जत्रेच्या शनिवारी दुपारी विरावे गावावरून जातं, ते जाऊ द्यायचं. त्याने हो म्हटलं तर सोमवारी संग्रहालयाचा ट्रक येईल. नोलीनने एलेनीबाईंना जाताना अख्खा फ्रूटकेक बांधून दिला. तिची बाजू कोणती, हे सांगायला नको.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. शेपटाच्या पत्र्याला चीर दिसली म्हणून दोघांनी तो पत्रा बदलला. नोलीन आत, अ‍ॅथल बाहेर. आणि मग अ‍ॅथलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

जत्रेच्या दिवशी दुपारी टॅमझिन आली तेव्हा विरावे शेडबाहेर उन्हात उभं होतं. तिने भोवती एक फेरी मारली, शेपटावर थाप मारली आणि म्हणाली, "चल म्हाताऱ्या, चढ."

अ‍ॅथलने पंखावर पाय ठेवायला उचलला. पाय गुडघ्याइतका वर आला आणि थांबला. त्याने हाताने मांडी धरून उचलून बघितली. घाम आला, पण पाय काही पंखावर गेला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "तू एकटीच जा. रीत मी पाळली, एकदा मीच मोडतो."

"वा रे वा! तुझं बूड खाली, आणि मोडायची ती रीत माझ्या जिवावर?" टॅमझिन पंखावर बसून पाय हलवत म्हणाली. "नवा पत्रा आहे शेपटाला. ज्याने बसवला तो मागे बसेल, नाहीतर मी चालले केक खायला."

"पत्रा मी बसवला. मला चढता येत नाही. मग कोण बसणार?"

टॅमझिन कुंपणाकडे बघायला लागली. तिथे नेहमीच्या जागी यूट, म्हणजे शेतावरची मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी होती आणि नोलीन थर्मासमधून चहा ओतत होती.

"आत ठोकळा कोणी धरला होता?" टॅमझिनने विचारलं.

नोलीनने कप खाली ठेवला. ती चिडली नाही, हेच अ‍ॅथलला विचित्र वाटलं. ती चालत आली आणि विमानाकडे अशी बघायला लागली, जसं कोणी नवीन पाहुण्याकडे बघतं.

"मागे बसलं की काय दिसतं गं?" तिने टॅमझिनला विचारलं.

"सगळं."

"चाळीस वर्षं याच्या पोटात तोंड घालून आहे मी. नुसता काळोख बघितलाय." तिने ओढणीसारखा गुंडाळलेला स्कार्फ सोडून डोक्याला घट्ट बांधला. "बाहेरचं बघू दे एकदा."

अ‍ॅथलच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तू? तुझं ब्लडप्रेशर आहे. वारा आडवा आहे आज. आणि हे काय आजचं यंत्र आहे का? तुझ्यापेक्षा म्हातारं आहे ते! काही झालं तर…"

"तूच म्हणतोस ना, काही होत नाही म्हणून?"

"मी म्हणतो ते माझ्यापुरतं!"

नोलीनने त्याच्याकडे नीट बघितलं. मग टॅमझिनचा हात धरून ती पंखावर चढली आणि मागच्या सीटवर बसली. तिचा फक्त स्कार्फ बाहेर दिसत होता. नेहमी तिथे अ‍ॅथलची टोपी दिसत असे.

इंजिन खोकलं, धूर निघाला, शेडवरचे गलाह काकाकुवे किंचाळत उडाले. अ‍ॅथल लंगडत कुंपणापाशी गेला, कारण उभं राहायला दुसरी जागा नव्हती. विमान पट्टीच्या टोकाशी वळलं, गवत आडवं करत आलं, आणि त्याच्यासमोरून वर गेलं.

मागच्या सीटवरून त्याने हा क्षण किती वेळा अनुभवला होता. तिथे पोट हलकं होतं आणि हसू येतं. इथे खाली तसं काही झालं नाही. इथे फक्त आवाज मोठा झाला, मग लहान झाला, मग धान्याच्या उंच कोठारांच्या, सायलोंच्या मागे गेला आणि ऐकूच येईना. गावावरून फेरी मारून यायला किती वेळ लागतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ते वर बसणाऱ्याचं गणित होतं. खाली त्याचा जीव टांगणीला लागला. नव्या पत्र्याचा एकेक रिबीट त्याला आठवायला लागला. शेवटच्या ओळीतला तिसरा जरा तिरका बसला होता का? तेव्हा तर चालेल म्हणाला होता तो. स्वतः बसणार होता, म्हणून चालेल वाटलं होतं. आता तिथे नोलीन होती, आणि त्याला भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर जन्मात वाटली नव्हती इतकी भीती वाटत होती.

हात दुखतोय हे त्याला उशिरा कळलं. त्याने कुंपणाची वरची तार घट्ट आवळून धरली होती आणि काटे तळव्यात घुसले होते. तो हात पुसायला वाकला तेव्हा त्याला खालची तार दिसली. बुटक्या माणसाच्या हाताला येईल अशी ती दुसरी तार. तिच्यावर हातभर जागेत एकही काटा नव्हता. पकडीने एकेक पिळून काढलेले, आणि तेवढी तार हात लागून लागून गुळगुळीत झालेली. बाजूने तो हजारदा गेला असेल. कोणीतरी टारगट पोराचं काम, म्हणून सोडून दिलं होतं त्याने.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. अ‍ॅथलला त्या तारेपाशी उभं राहून कळलं, आणि शरमेने त्याला खाली बसावंसं वाटलं. पण बसायला खुबा तयार नव्हता, म्हणून तो उभाच राहिला.

मग आवाज आला. विरावे सायलोंवरून खाली उतरलं, दोन उड्या मारल्या, आणि धावत येऊन थांबलं. नोलीन पंखावरून घसरत उतरली. स्कार्फ मानेत लोंबत होता आणि ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

"अरे, सगळे बाहेर आले होते!" ती म्हणाली. "ग्लीसन जत्रा सोडून अंगणात उभे, चाकाकडे बोट दाखवत! पबवाला छपरावर! प्रत्येक जण आपापलं बघत होता रे. हे तिकडे शहरात नेऊन कोणाला दाखवणार? त्या बाईला फोन कर आणि सांग, ट्रक नको."

"फोन करणारच होतो," अ‍ॅथल म्हणाला. "ट्रक येऊ दे म्हणून."

"काय?"

त्याने तळवा पुढे केला. नोलीनने रक्त बघितलं, मग कुंपणाकडे बघितलं. तिचं हसू हळूहळू थांबलं. टॅमझिन उगीचच इंजिनाकडे जाऊन काहीतरी तपासायला लागली.

"तू कधी सांगितलं का नाहीस?" अ‍ॅथलने विचारलं.

"दरवर्षी सांगत होते. तुला वाटायचं मी विमानाबद्दल बोलतेय." तिने स्कार्फ त्याच्या हाताला गुंडाळला आणि गाठ मारली. "खालची धरायचीस ना. तिचे मी काढलेत."

"वाकावं लागतं."

"मग वरचे तू काढ," नोलीन म्हणाली. "बारा वर्षं मी उभी राहिले इथे. आता पत्रा आणखी झिजेल, पुन्हा बसवावा लागेल, आणि तुझा पाय काही वर जायचा नाही. मला ते बघायचंय अजून. तुझ्या बापाच्या घराचं धुराडं वरून कसं दिसतं माहितीये तुला? माहितीच असणार. मला आज कळलं."

अ‍ॅथलला नाही म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार?

सोमवारी ट्रक आला नाही. एलेनीबाईंना फोनवर फार वाईट वाटलं, आणि तो म्हणाला, की तुमचं काही चुकलं नव्हतं. तिरका वाटलेला तिसरा रिबीट त्याने काढून पुन्हा मारला. नोलीन आत होती. पुढच्या वसंतात ती मागे बसली तेव्हा अ‍ॅथल खिशात पक्कड घेऊन कुंपणापाशी गेला. विमान सायलोंमागे गेल्यावर त्याने वरच्या तारेचे काटे काढायला घेतले. एक हात ठेवता येईल इतके काढले, ठेवून बघितला, आणि मग दुसऱ्या हातासाठीही काढले.