पाचाचे आठ

धावजी मैलकुली होता. आर्णीच्या रस्त्याचे सहा मैल त्याच्याकडे. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत छाटायचं, मैलाच्या दगडांना चुना मारायचा. काम तो नीट करी. फक्त दुपारी घरासमोरच्या कडुनिंबाखाली जरा आडवा होई, आणि दर रविवारी नेमकी त्याच वेळी त्याची सासू मानीबाई येऊन उभी राही.

आर्णीजवळच्या तांड्यातून ती पाच मैल पायी येई. "सरकारनं तुले झाडं राखाले ठेवलं का झाडाखाली झोपाले?" असं विचारी, लेकीच्या, हंसाबाईच्या, हातची भाकर खाई, जावयाच्या आणखी चार खोड्या काढी आणि उन्हं उतरताना परत जाई. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एक रविवार तिनं चुकवला नव्हता.

बासष्टच्या हिवाळ्यात साहेबांचा हुकूम आला. मैल गेले, आता किलोमीटर. धावजीच्या घरासमोरच्या दगडावर 'आर्णी ५' होतं. पाच मैलांचे झाले आठ किलोमीटर, म्हणून दगड न हलवता नुसता आकडा बदलायचा होता. ब्रश फिरवता फिरवता धावजी एकटाच हसला.

रविवारी मानीबाई दगडापाशी थबकली. अक्षरं तिला येत नसत, आकडे येत.

"आठ? मांगच्या खेपेले तं पाच होते!"

"सरकारनं रस्ता वाढवला, याडी." लमाणी बोलीत आईला याडी म्हणतात; धावजी सासूलाही तसंच म्हणे. "जाणं-येणं सोळा झालं. या वयात कायले तरास घेतं? महिन्यातून एखांद्या खेपेले आली तरी चालते."

मानीबाईनं दगडाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"खरं हाय, बापा. सोळा काई झेपत नाई."

धावजीला हसू दाबता येईना.

"म्हणून आता वापस जातच नाई," ती म्हणाली आणि ओट्यावर बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर रस्त्यावर. हा खड्डा राह्यला, तिथलं गवत राह्यलं. दुपारी कडुनिंबाखाली ती स्वतः आडवी होई आणि धावजी उन्हात घमेलं वाही. नवव्या दिवशी त्यानं हात टेकले. मातीत एक लांब रेघ ओढली, शेजारी एक आखूड.

"हा मैल, हा किलोमीटर. लहान हाय म्हणून आकडा वाढते. वाट तेवढीच हाय, याडी. मी खोटं बोललो."

मानीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. चुलीपाशी हंसाबाईही हसत होती.

"माह्या बापाजोळ चाळीस बैल होते," मानीबाई म्हणाली. "मिठाच्या गोण्या घेऊन आमी कोसानं चालत होतो. आर्णीहून हा निंब अडीच कोस. मी एवढीशी होती तवाही अडीचच. तुह्या ब्रशानं सरकते का तो?"

"मंग नऊ दिवस कायले राह्यली?"

"लेकीपाशी राहाले बहाणा पाह्यजे होता. तूच देल्ला."

संध्याकाळी धावजी तिला पोचवायला निघाला. वाटभर ती बैलांच्या गोष्टी सांगत होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं त्या शेवटपर्यंत ऐकल्या. तांड्यात तिनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

"खाय, बापा," भाकरीवर तूप ओतत ती म्हणाली, "लय वाळला तू."